नान घोड्यावर आहे

किम्मतशोचे कान लहानपणापासून तिखट. त्याचे वडील पामीरच्या घाटरस्त्यावर दरडी उपसणाऱ्या टोळीत होते. खालच्या वळणावर एखादा ट्रक चढू लागला, की नुसत्या आवाजावरून किम्मत सांगे, "हा लंगड्या शोदीचा ट्रक. दुसरा गिअर अजून दुरुस्त केलेला नाही त्याने." वडील मग शेजाऱ्यांशी चहाची पैज लावत, आणि बहुधा जिंकत.

घरात ते शुग्नी बोलत, शाळेत ताजिक, म्हणजे तिकडची फारसी, कचेरीत रशियन. अंगणातून दिसणाऱ्या पंज नदीच्या पलीकडे अफगाणिस्तान होता. तिथले लोकही शुग्नीच बोलत. पात्र अरुंद होतं त्या ठिकाणी त्यांच्या लग्नातला डफ अलीकडे ऐकू येई. पण काठाला तारेचं कुंपण, कुंपणापाशी पहारा. किम्मतच्या आजीची सख्खी बहीण पलीकडे दिलेली होती. ती गेल्याचं कळलं ते चार वर्षांनी.

दुशान्बेला जाऊन तो फारसी शिकला, जुन्या अरबी लिपीसकट. एकोणीसशे ब्याऐंशी साली सैन्याने त्याला बोलावून घेतलं. अफगाणिस्तानात लढणाऱ्या सोव्हिएत फौजेला वायरलेसवरचं शत्रूचं बोलणं समजणारी माणसं हवी होती, आणि ती भाषा आईच्या दुधासोबत प्यालेली माणसं ताजिकिस्तानातच होती. बदख्शानच्या डोंगरात एका टेकडीवर ठाणं होतं. दोन गाड्या, चार मातीच्या खोल्या आणि वाऱ्याने सतत कण्हणारी एक उंच तार. बोलणं ऐकायचं, उतरवायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि शेवटी आपला निष्कर्ष लिहायचा, हे त्याचं काम. निष्कर्षाखाली तीनपैकी एक शब्द घालावा लागे: निश्चित, संभाव्य किंवा संशयित. हाताने लिहिलेला कागद झिनाइदा पावलोव्हना टाइप करी, मेजर ल्याखोव त्यावर सही करी आणि कागद वर जाई. पुढचं काम हेलिकॉप्टरवाल्यांचं.

झिनाइदा पावलोव्हना पंचेचाळिशीची, र्‍याझानची, विधवा. तिच्या टाइपरायटरशेजारी खारवलेल्या काकड्यांची बरणी असे. किम्मतच्या रशियनमधल्या चुका ती वाचता वाचता सुधारी आणि मोठ्याने सांगे, "किम्मत, या वाक्यात कर्ता कुठेच नाही. घोडे कुणी आणले? आपोआप आले का?"

त्र्याऐंशीच्या शरद ऋतूत किम्मतने एक मोठी गोष्ट हुडकली. त्या दऱ्यांतला एक टोळीप्रमुख आपल्या माणसांशी बोलताना काडतुसांना 'मीठ' म्हणतो, हे त्याच्या लक्षात आलं. तीन आठवडे तो कानाला यंत्र लावून बसला होता, तेव्हा कुठे ते जुळलं. त्या माहितीवर एक तांडा पकडला गेला, दोनशे पेट्या सापडल्या आणि आपला एकही माणूस दगावला नाही. किम्मतला पदक मिळालं. भोजनाच्या खोलीत त्याला 'मीठवाला' म्हणू लागले. शत्रूच्या पोटातलं आपण ओळखतो, असं त्याला वाटू लागलं. चोवीस वर्षांचं वय होतं. डोक्यात हवा जायला एवढं पुरलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, एका दुपारी, त्याच लहरीवर दोन आवाज आले. एक खिंडीवरच्या पहारेकऱ्याचा, दुसरा अनोळखी, हसरा.

"किती जण आहात?" पहारेकऱ्याने विचारलं.

"सोळा जनावरं. मीठ आहे. उद्या उजाडता उजाडता खिंड उतरू. तुमची पोरं गोळ्या झाडतील, म्हणून खालच्या चौकीतून आधी सांगतोय."

"उतार निसरडा आहे. सांभाळून."

"नान घोड्यावर आहे, काळजी नको. बाकी आम्ही पायी."

बोलणं संपलं. किम्मतची पेन्सिल थांबली.

दोघं बोलले ते फारसीत. फारसीत नान म्हणजे रोटी. रोटी घोड्यावर आहे, म्हणजे वाटेचं खाणं लादलेलं आहे, म्हणजे लांबच्या मजलेची सशस्त्र टोळी. अर्थ सरळ लागत होता. पण शुग्नीत नान म्हणजे आई. आणि त्या माणसाने तो शब्द लांबवून, जरा लाडाने म्हटला होता. किम्मत स्वतः घरी दारातून आत येताना तसाच म्हणत असे. शिवाय निसरड्या उताराचं ऐकून कुणी रोटीची हमी देत नाही. माणसाची देतो.

हे सगळं त्याला कळलं. अर्ध्या मिनिटात कळलं. त्याने कागदावर लिहिलं, "रसद घोड्यावर."

दाराशी मेजर ल्याखोव उभा होता. "मीठ म्हणाला ना?"

"म्हणाला. पण मेजरसाहेब, बोलणारा आपल्या यादीतला नाही. आवाज नवा आहे."

"टोळीत नवी माणसं येत नाहीत का? संभाव्य लिहून पाठवलंस तर वरचे हेलिकॉप्टर देत नाहीत, आणि उद्या तीच काडतुसं आपल्या पोरांच्या छातीत बसतात. मला नीट सांग. हो की नाही?"

मेजर वाईट माणूस नव्हता. आठवड्यापूर्वीच त्याने चार शवपेट्या विमानात चढवल्या होत्या. किम्मतने पेन्सिल उचलली आणि लिहिलं: निश्चित. दबाव होता, हे खरं. पण पुढे आयुष्यभर तो हेही सांगत राहिला, की त्या क्षणी त्याला बरंही वाटलं होतं. मीठवाला पुन्हा एकदा बरोबर ठरणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हेलिकॉप्टर परतल्यावर, पायदळाची तुकडी खिंडीत गेली आणि दुभाषा म्हणून किम्मतला सोबत नेलं. दगडांवर फुटलेल्या गोण्या पडल्या होत्या. त्यांतून सांडलेलं मीठ होतं. तालुकानच्या खाणीतलं, गुलाबी झाक असलेलं, खडे खडे मीठ. एका सैनिकाने चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. एकोणीस माणसं मेली होती. बंदुका दोन, त्याही लांडग्यांसाठी ठेवतात तसल्या जुन्या. एका पांढऱ्या घोड्याखाली एक म्हातारी सापडली. तिच्या डोळ्यांवर दवाखान्यातली स्वच्छ पट्टी बांधलेली होती.

"ही कोण असेल?" तुकडीच्या कॅप्टनने विचारलं.

"त्याची आई," किम्मत म्हणाला.

"कुणाची?"



मेलेल्यांच्या नातेवाइकांनी बोंब मारली, ती फिरत फिरत काबूलपर्यंत गेली. महिन्याभराने तीन अधिकाऱ्यांची चौकशी समिती ठाण्यावर आली. हाताने लिहिलेला मूळ कागद तोवर शेगडीत गेला होता. समिती बसायच्या आधी मेजरने किम्मतला बोलावलं आणि एक तयार जबाब पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, की किम्मतने 'संभाव्य' लिहिलं होतं आणि टाइप करताना चुकून 'निश्चित' झालं.

"म्हणजे झिनाइदा पावलोव्हनावर?" किम्मतने विचारलं.

"ती बिनहुद्द्याची नोकर आहे. घरी पाठवतील, बस. तू गेलास तर तुरुंगात जाशील. आणि तुझ्यानंतर इथे ऐकणार कोण? मी?"

किम्मतने सही केली.

संध्याकाळच्या आधीच बातमी फुटली. तो टाइपिंगच्या खोलीत गेला तेव्हा झिनाइदा पावलोव्हना खोक्यात सामान भरत होती. तिने वर पाहिलं नाही.

"अठ्ठावीस वर्षं टाइप करतेय मी," ती म्हणाली. "लोकांना वाटतं आमची नुसती बोटं चालतात. मी शब्द वाचते, किम्मत. तो शब्द तू दोनदा गिरवला होतास. कागद खालून फाटायला आला होता."

"मला माफ करा."

"माफीचं नंतर बघू. त्या लोकांचं घोडं कुणी मारलं, ते आधी नीट लिही. तुझ्या वाक्यात पुन्हा कर्ता नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बोलावलं नसताना, किम्मत समितीपुढे जाऊन उभा राहिला. जबाब खोटा आहे, शब्द माझा आहे, तो मी जाणून लिहिला, असं त्याने सांगितलं. नान या शब्दाचंही सांगितलं.

मधल्या कर्नलने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुला शंका होती, आणि तू ती लिहिली नाहीस?"

"हो."

"मेजरने सांगितलं म्हणून?"

"मेजरनी विचारलं. लिहिलं मी."

कर्नलने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "पोरा, तुला वाटतंय तू धीटपणा करतोयस. तू दोषी ठरलास तर मला विचारावं लागेल की एका लेफ्टनंटच्या एका शब्दावर हेलिकॉप्टर उडतातच कशी. तो प्रश्न विचारायला मला इथे पाठवलेलं नाही. तुझा दोष कुणी मागितलेला नाही. जा."

समितीने अहवालात लिहिलं, की शत्रूने मुद्दाम फसवं बोलणं लहरीवर सोडलं होतं आणि कोणाचीही चूक नाही. झिनाइदा पावलोव्हनाची नोकरी वाचली, तरी तिने स्वतःच बदली मागून घेतली. जाताना काकड्यांची बरणी मात्र ती किम्मतच्या खोलीबाहेर ठेवून गेली. सहा महिन्यांनी किम्मतला 'कानाचा विकार' असं कारण लावून घरी पाठवलं. त्याच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं.

पंजकाठच्या खोरोगमध्ये परतून तो शाळेत रशियन शिकवू लागला. सवसान नावाच्या परिचारिकेशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. पदक त्याने कधी लावलं नाही. लष्करी वकिलांच्या कचेरीला त्याने तीन पत्रं लिहिली: या प्रकरणात माझ्यावर खटला चालवावा. पहिल्याला उत्तर आलं की असं प्रकरण नोंदीत नाही. दुसऱ्याला उत्तर आलं नाही. तिसरं पत्र पाठवलं तेव्हा सोव्हिएत देशच उरला नव्हता, आणि पाकीट 'कचेरी अस्तित्वात नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. सवसान हसावं की रडावं या विचारात पडली.

"अहो, लोक तुरुंगातून सुटायला अर्ज करतात," ती म्हणाली, "आणि तुम्ही आत जायला टपालावर पैसे घालवताय. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर सोडा ना आता."

"ज्यांनी ऐकायला हवं, त्यांना मी अजून सांगितलेलंच नाही," तो म्हणाला.

मग यादवी झाली, उपासमार झाली. तुतीचं पीठ खाऊन हिवाळे काढले. त्या काळात कुणालाच मागचं आठवायला सवड नव्हती. दोन हजार दोन साली पंजवर पूल झाला आणि दर शनिवारी पुलाजवळ बाजार भरू लागला. पलीकडची माणसं येऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या लांबून पाहिलेली माणसं समोर बसून साबण, चहा, चपला विकू लागली. किम्मत प्रत्येक शनिवारी जाई, काही न घेता परत येई. तिसऱ्या वर्षी एका ओट्यावर त्याला खडेमीठ दिसलं. गुलाबी झाक असलेलं.

विकणारी बाई पन्नाशीची होती. नाव लालबेगिम, गाव सरनिशेब, पलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

"घ्या मास्तर, तालुकानचं आहे," ती शुग्नीत म्हणाली. "पूर्वी माझा भाऊच आणायचा. आता ट्रकने येतं."

"भाऊ काय करतो?"

"अलीदोद? तो गेला. रशियनांच्या वेळी, खिंडीत. आईचे डोळे डॉक्टरला दाखवून तिला परत आणत होता."

किम्मत तिथेच जमिनीवर बसला. बाईला वाटलं मास्तरांना चक्कर आली. तिने थर्मासमधला चहा त्याच्या हातात दिला. त्याने पेला खाली ठेवला.

"तुमचा चहा मी पिऊ शकत नाही, ताई. आधी ऐका." आणि त्याने सगळं सांगितलं, तिथेच, भर बाजारात, काही न वगळता.

लालबेगिम ओरडली नाही. बराच वेळ ती मिठाच्या खड्यांवरून हात फिरवत राहिली. मग तिने जे विचारलं, ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हणजे तू त्याचा आवाज ऐकलास? शेवटचा?"

"हो."

"काय म्हणाला? जसं म्हणाला तसं सांग."

एकवीस वर्षं तो ते शब्द वागवत होता. त्याने सांगितले. नान घोड्यावर आहे, काळजी नको. बाकी आम्ही पायी. त्या लांबवलेल्या लाडक्या सुरासकट.

तिने पदर तोंडाशी धरला. "अस्साच म्हणायचा. मेला, आईलासुद्धा हाका मारायचा तर गाणं म्हटल्यासारखा." मग तिचा चेहरा कठीण झाला. "आणि तुला कळलं होतं? नान म्हणजे काय ते?"

"कळलं होतं."

"तुझ्या आईला काय म्हणायचास तू?"

"नान."

"ऊठ इथून," ती म्हणाली. "ऊठ. आणि पुढच्या महिन्यात गावात ये. मला एकटीला सांगून सुटायचं नाही. सगळ्यांना सांग."

सवसान हे ऐकून भडकली. "एकोणीस जणांचे नातलग आहेत ते! एकाच्याही मनात सूड असला तर? तुमचं मन हलकं व्हायला मी विधवा व्हायचं का?"

"मन हलकं करायला जात नाहीये," तो म्हणाला. "त्यांनी बोलावलंय. आजवर कुणी बोलावलंच नव्हतं मला."

पण सकाळी तिने शीरचाय, म्हणजे दुधाचा खारा चहा, करून त्यात रोटी कुस्करून त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतःही चादर गुंडाळून निघाली. "एकटे गेलात तर भित्री म्हणतील मला," ती म्हणाली.

सरनिशेबच्या प्रार्थनाघरात साठ-सत्तर माणसं बसली होती. गावचे खलीफा, म्हणजे धर्मप्रमुख, ऐंशी वर्षांचे, खांबाला टेकून बसले होते. किम्मतने उभं राहून सांगितलं. मेजरचं नाव त्याने विचारल्यावरच घेतलं. मग प्रश्न सुरू झाले, आणि दुपार उलटेपर्यंत थांबले नाहीत. किती वाजता ऐकलंस? खिंडीवर माणूस पाठवून खात्री का नाही केली? हेलिकॉप्टर थांबवता आलं असतं का?

"आलं असतं," किम्मत म्हणाला. "निघायला बारा तास होते. मी जेवलो आणि झोपलो."

मागून कुणीतरी विचारलं, "मग शिक्षा काय झाली तुला?"

"काही नाही. पदकही परत घेतलं नाही."

एक कडवट हशा पिकला. "बघा! आमची माणसं गेली, याचं पदक जागच्या जागी!"

"याला नदीत टाका," एक तरणा माणूस म्हणाला.

"टाकून काय होईल?" खलीफा म्हणाले. "सरकारच्या कागदावर लिहिलंय, कोणाची चूक नाही. हा एक माणूस म्हणतो, माझी आहे. तोच नदीत गेला तर मग खरंच कोणाचीच राहणार नाही." ते किम्मतकडे वळले. "लिहिता येतं ना? आपल्या लिपीत? मग बस. लिहून दे."

किम्मत खाली बसला. घडलेलं त्याने लिहून काढलं, प्रत्येक वाक्यात 'मी' घालून. मग मेलेल्यांची नावं. एकेक घरातलं माणूस पुढे येऊन बसे, नाव सांगे, आणि तो लिहून वाचून दाखवी. "बरोबर?" तो विचारी. "नाही, 'शोह' लांब," एखादी म्हातारी म्हणे, आणि तो खोडून पुन्हा लिही. अशी अठरा नावं झाली. एकोणिसाव्या नावासाठी एक माणूस पुढे आला, गुलोमरिझो नावाचा, पन्नाशीचा, हाताला एक बोट कमी असलेला. तो किम्मतपुढे बसला आणि म्हणाला, "माझ्या बापाचं नाव तुझ्या हाताने लिहायचं नाही."

कुणीही त्याला आग्रह केला नाही. खलीफांनी एक ओळ मोकळी सोडायला सांगितली, खाली किम्मतची सही घेतली आणि कागद प्रार्थनाघराच्या पेटीत ठेवला. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. लालबेगिमने परतीच्या वाटेसाठी सवसानच्या पदरात सुके जर्दाळू बांधून दिले. किम्मतकडे तिने पाहिलं नाही.

त्यानंतर किम्मत दर शनिवारी बाजारात लालबेगिमच्या ओट्यापासून दोन हातांवर बसू लागला. पलीकडच्या लोकांची रशियन कागदपत्रं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, बियाण्यांच्या पुड्या वाचून देई. कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं, ऊठही म्हटलं नाही. त्याच्याकडे न येणारे बरेच होते. गुलोमरिझो समोरून जाई, तेव्हा तोंड फिरवून जाई.

चार वर्षांनी एका शनिवारी तो येऊन समोर उभा राहिला. हातात औषधाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. "बायकोला रक्तदाब आहे," तो म्हणाला. "किती द्यायच्या, ते वाच."

किम्मतने चष्मा लावून वाचलं. "दिवसाला दोन, जेवणानंतर. पण इथे खाली एक शब्द आहे, मूत्रपिंडाचा आजार असेल तर काहीतरी करू नये, असं. तो शब्द मला येत नाही. अंदाजाने सांगणार नाही. सवसानला दवाखान्यात विचारून पुढच्या शनिवारी सांगतो. तोवर देऊ नकोस."

गुलोमरिझो त्याच्याकडे बघत राहिला. "अंदाजाने सांगणार नाही," तो सावकाश म्हणाला. "हे एवढंच वाक्य. तेव्हा म्हणायला काय झालं होतं रे तुला?"

 किम्मतने पाकिटावरचा तो शब्द कागदावर उतरवून घेतला.

पुढच्या शनिवारी किम्मत त्या शब्दाचा अर्थ डॉक्टरकडून लिहून घेऊन आला. गुलोमरिझो आधीच येऊन बसला होता. त्याने अर्थ ऐकला, पुन्हा एकदा म्हणायला लावला आणि पाकीट खिशात घातलं. लगेच उठला मात्र नाही. बाजार मोडेपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले, नदीकडे तोंड करून.